स्क्रीमो लॉग, महिना सहावा: लिरिक शीट मराठीत आणायचं काम

मंडळी, मागचा अपडेट टाकून अडीच महिने झाले, मधे पाऊस, गणपती, ऑफिसची धावपळ सगळं होऊन गेलं, पण काम थांबलेलं नाही, उलट या वेळी सांगायला बरंच साठलंय. नवीन कोणी वाचत असेल तर थोडक्यात सांगतो, मी युरोपातल्या छोट्या इमो आणि स्क्रीमो (ओरडून गायलेलं, भावनांनी भरलेलं पंक रॉक) बँड्सच्या रेकॉर्ड जमवतो, जास्त करून २००० नंतरच्या पहिल्या दहा वर्षांतलं फ्रान्स आणि इटली, थोडं स्वीडन, थोडं स्पेन, आणि पाडव्याला ठरवलं की हातात आहे त्या प्रत्येक रेकॉर्डमधली लिरिक शीट, म्हणजे गाण्यांचे शब्द छापलेला कागद, बसून मराठीत करायची. छापायला नाही, कुणाला द्यायलाही नाही, एका दोनशेपानी वहीत पेनने, माझी मला.

आजचा हिशोब असा: ३४ रेकॉर्ड, त्यातल्या १९ सात इंची (छोट्या आकाराच्या), शीट पूर्ण झाल्या ११, अर्धवट ४.

हे का करतोय ते मागच्या वेळी नीट सांगायचं राहिलं. या गाण्यांतला आवाज मिक्समधे मुद्दाम मागे ठेवलेला असतो, दोन गिटार आणि ड्रम पुढे, आणि गाणारा माणूस शेजारच्या खोलीतून ओरडतोय असं वाटतं, त्यात भाषा इटालियन किंवा फ्रेंच, त्यामुळे १५ वर्षं मी ही गाणी नुसती आवाज म्हणूनच ऐकत आलो. पण शीट हातात घेऊन बसलं की कळतं की ओरडणारा माणूस बहुतेक वेळा रागावलेलाच नाहीये, तो काहीतरी फार साधं सांगायचा प्रयत्न करतोय, एखाद्या मित्राबद्दल, सोडून आलेल्या गावाबद्दल, झोप न येण्याबद्दल. बऱ्याच बँड्सनी मूळ शब्दांशेजारी इंग्रजी भाषांतरही छापलंय, बारीक अक्षरात, कारण या रेकॉर्ड बॉर्डर ओलांडून जाणार हे त्यांना माहीतच होतं. मी आधी मूळ वाचतो, डिक्शनरी घेऊन, मग अडलं तरच इंग्रजी बघतो.

या महिन्यात सगळ्यात जास्त वेळ गेला तो ला क्विएतेवर. इटलीतल्या फोर्ली या गावचा बँड, एमिलिया-रोमान्या भागातलं मध्यम आकाराचं गाव, आणि याच गावातून राएइन पण आले, दोन्ही बँड्समधे काही माणसं तीच. बँडच्या नावाचा अर्थ शांतता, आणि २००४ चा त्यांचा अल्बम म्हणजे या सगळ्या सीनची (म्हणजे या बँड्सच्या वर्तुळाची) बाराखडी आहे असं मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन, बहुतेक गाणी दोन-अडीच मिनिटांची, अर्ध्या तासाच्या आत सगळं संपतं आणि तेवढ्यात माणूस दमून जातो. अल्बमचं नाव ला फीने नोन ए ला फीने, म्हणजे शेवट हा शेवट नाही. एवढं मला आधीपासून माहीत होतं, पण डिक्शनरीत बघताना दिसलं की इटालियनमधे फीने हा शब्द स्त्रीलिंगी असला की शेवट आणि पुल्लिंगी असला की उद्देश, हेतू. शब्द तोच, फक्त लिंग बदललं की अर्थ बदलतो. नावात दोन्हीकडे स्त्रीलिंगीच आहे, म्हणजे शेवटच, पण इटालियन कानाला तो दुसरा अर्थ जवळच उभा असल्यासारखा ऐकू येत असणार असं मला वाटतं. आणि मग डोक्यात आलं की आपल्याकडे पण हे आहेच की! तो वेळ आणि ती वेळ. तो वेळ गेला म्हणजे काही तास गेले, ती वेळ गेली म्हणजे तो क्षण हातातून गेला. हे सुचलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता, मी उठून परत पहिली साइड लावली, हेडफोनवर, आणि खरं सांगतो इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो अल्बम मला माझ्या भाषेच्या शेजारचा वाटला.

राएइनचं प्रकरण वेगळंच आहे. इटालियन बँड, पण २००३ च्या रेकॉर्डचं नाव फ्रेंचमधे (इथे ऑर्केस्ट्रा नाही असा अर्थ), २००५ च्या रेकॉर्डचं नाव स्वीडिशमधे (मृत्यू पश्चिमेकडे चाललाय), आणि मग २०११ मधे एकदम स्वतःच्या भाषेत एवढं लांबलचक नाव की कव्हरच्या स्पाइनवर (कडेच्या पट्टीवर) मावायची पंचाईत. सुल्ला लिनेआ दोरिझोन्ते त्रा क्वेस्ता मिआ विता ए क्वेल्ला दी तुत्ती. माझ्या वहीत सध्या असं आहे: माझं हे जगणं आणि सगळ्यांचं जगणं यांच्यामधल्या क्षितिजरेषेवर. विता साठी आधी आयुष्य लिहिलं होतं, खोडलं, मग जीवन लिहिलं, ते पाठ्यपुस्तकातलं वाटलं म्हणून तेही खोडलं, शेवटी जगणं ठेवलं कारण त्यात रोजची दगदग येते. हा अल्बम बँडने डाउनलोडला फुकट ठेवला होता, माझ्याकडे कितीतरी वर्षं नुसत्या फाइलीच होत्या, पेनड्राइव्हवरून पेनड्राइव्हवर फिरलेल्या. एलपी आता आली. सुरुवातीच्या रेकॉर्डमधली घाई यात नाही, गिटार श्वास घेतात, मेलडी खूप आहे, आणि कुणी मला विचारलं की स्क्रीमो कधीच ऐकलं नाही तर कुठून सुरू करू, तर मी हाच देतो.

दुसऱ्या भाषेत नाव ठेवायची ही सवय या सीनमधे सगळीकडे आहे, यावर मी वहीच्या मागच्या पानावर वेगळी यादीच करतोय. सुई ला ल्यून हा स्वीडनचा बँड, नाव फ्रेंच, शब्द इंग्रजी. त्यातलं सुई म्हणजे आहे पण होतं आणि मागोमाग जा पण होतं, म्हणजे मी चंद्र आहे की चंद्राच्या मागे जा, दोन्ही बसतं. २००६ चा त्यांचा क्वाएट, पुल द स्ट्रिंग्स! आणि २०१२ चा रिआला, दोन्ही पावसात ऐकायच्या गोष्टी आहेत. ओयने हा मिलानचा बँड, नाव डॅनिश, अर्थ डोळे. भाषा आपल्या मालकीची नाही, जी त्या भावनेला बसेल ती घ्यायची, असं काहीतरी या पोरांच्या डोक्यात होतं आणि ते मला फार आवडतं.

फ्रान्सकडे वळतो. दाइत्रो, लिऑनचे, २००५ चा लेसे व्हिव्र ले स्केलेत. याची शीट जुलैतच संपवली होती पण नावावर अडलो होतो. स्केलेत म्हणजे हाडांचा सापळा, म्हणून पहिल्यांदा सापळ्यांना जगू द्या असं लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी वाचलं तर उंदराचा सापळा डोळ्यापुढे आला. आता सांगाड्यांना जगू द्या असं पक्कं केलंय. दाइत्रो समजायचे असतील तर गाणी सुटी सुटी ऐकू नका, पूर्ण साइड लावा, कारण हे लोक बांधत जातात, एकच गिटारची ओळ हळूहळू, ड्रम मागून येतो, आणि मग सगळं एकदम कोसळतं, पण कोसळतानाही ती पहिली ओळ खाली चालूच असते, कान दिलात तर सापडते. २००९ च्या वाय मधे हे आणखी पसरलंय. लिऑनचेच मिहाई एद्रिश, त्यातली माणसं दाइत्रो आणि सेलेस्त या बँड्समधेही दिसतात, त्यांचे दोनच अल्बम, २००३ चा एकाशिवाय दुसरा आणि २००५ चा उद्या नसलेला दिवस (नावं माझ्या मराठीत देतोय), आणि दुसऱ्याची शीट मी अर्धी करून थांबवली आहे, जड आहे, आई आजारी होती त्या आठवड्यात ती हातात घेववली नाही. होईल सावकाश.

नॉर्मंडीतल्या काँ शहरातले अमांदा वुडवर्ड आणि ओसितो मोर, हे दोन्ही अजून ऐकण्याच्या रांगेत आहेत, पुढच्या अपडेटमधे.

आता ज्यांना वस्तूंमधे रस आहे त्यांच्यासाठी. या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला बघा, एका कोपऱ्यात सहा-सात, कधी दहा लेबलांचे (रेकॉर्ड काढणाऱ्या संस्थांचे) छोटे लोगो असतात. पैसे कुणाकडेच नसायचे, मग फ्रान्सचं एक, जर्मनीची दोन, इटलीचं एक अशी लेबलं मिळून एक प्रेसिंग (रेकॉर्डच्या कॉपींची एक खेप) काढायची, प्रत्येकाने आपला हिस्सा भरायचा आणि त्या हिशोबात कॉपी घ्यायच्या, मग त्या आपापल्या गावात, टूरवर, टपालाने अदलाबदल करून संपवायच्या. ही लेबलं म्हणजे कुणाच्या तरी घरातला पलंग आणि त्याखालचे खोके. सात इंचीवरचे स्प्लिट पण याच हिशोबाने, दोन बँड, एकेक साइड, खर्च अर्धा, आणि एकाच्या चाहत्याला दुसरा बँड आपोआप ऐकायला मिळतो. मी अर्धा सीन असाच शोधलाय, स्प्लिटची दुसरी साइड पलटून.

सात इंचीबद्दल एक तांत्रिक गोष्ट, दोघांनी विचारलं होतं. काही सात इंची ४५ वर (मिनिटाला ४५ फेऱ्या) असतात आणि काही ३३ वर, कारण एका साइडला सहा मिनिटांचं गाणं बसवायचं असतं, आणि ३३ वर आतल्या खोबणीत सुई जाते तसा आवाज फाटायला लागतो, झांजांची धार जाते. हा तुमच्या सुईचा दोष असेलच असं नाही, आतल्या वर्तुळात एका फेरीला मिळणारी लांबीच कमी असते. सुईची अलाइनमेंट आतल्या बाजूला लक्ष देऊन लावली की थोडा फरक पडतो, मी कागदी प्रोट्रॅक्टर (सुईचा कोन जुळवायचा नकाशा) प्रिंट करून लावली आणि निदान एस आणि श नीट ऐकू यायला लागले.

पॅकिंगचा एक धडा. एका विक्रेत्याकडून मागवलेली एलपी आली ती कव्हरची खालची शिवण पूर्ण उसवलेली, कारण रेकॉर्ड कव्हरच्या आतच ठेवून पाठवली होती आणि प्रवासभर ती आत आपटत राहिली. खूप वाईट वाटलं, कव्हर स्क्रीनप्रिंट केलेलं होतं, काळ्या जाड कागदावर चंदेरी शाई, बोट फिरवलं की शाईचा उंचवटा लागतो, आणि तेच कडेला फाटलेलं. तेव्हापासून मी प्रत्येक ऑर्डरसोबत लिहितो की रेकॉर्ड कव्हरबाहेर काढून वेगळ्या पिशवीत ठेवा आणि दोन्ही बाजूंनी पुठ्ठा घाला. लोक आनंदाने करतात, फक्त सांगावं लागतं.

पोस्टेज रेकॉर्डपेक्षा महाग पडतं हे तुम्हाला माहीतच आहे, वर कस्टमची भानगड. माझी आतेबहीण म्युनिकला असते, सहा महिने सगळं तिच्या पत्त्यावर जमा होतं आणि ताई गणपतीला येते तेव्हा हँडबॅगेत घेऊन येते. या वेळी नऊ आणल्या. तिने घरात पाऊल टाकलं, गणपतीपुढे हात जोडले आणि आधी ती पिशवी माझ्या हातात दिली, म्हणाली की अरे विमानात वरच्या कप्प्यात ठेवली नाही रे, मांडीवर धरून आले. तिला हे संगीत अजिबात आवडत नाही.

पुण्याच्या पावसाळ्याचा रिपोर्ट: जुलैत दोन कव्हरांच्या आतल्या बाजूला पांढरे ठिपके दिसले, बुरशी. कोरड्या मऊ ब्रशने बाहेर, हवेशीर जागी साफ केलं, साध्या कागदाच्या आतल्या पिशव्या काढून प्लॅस्टिक अस्तराच्या घातल्या, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं. शीट मात्र वेगळ्या फाइलमधे ठेवल्यात, कारण कागदाला ओल सगळ्यात आधी लागते आणि माझं सगळं काम सध्या त्या कागदांवरच आहे. रेकॉर्ड धुवायला डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल, खोबणीच्या दिशेने गोल, आडवं कधीच नाही.

नवीन रिलीजमधे: स्पेनमधल्या कोर्दोबाचे विवा बेलग्रादो, २०१६ चा उलिसेस माझा सगळ्यात आवडता, २०२० च्या बेयाविस्ता मधे ते ओरडण्याकडून बोलण्याकडे सरकले, २०२४ चा कान्सियोनेरो दे लोस सिएलोस अजून फाइलवरच ऐकतोय. स्पॅनिश शीट करायला सोपी जाते, इटालियनमुळे अर्धे शब्द ओळखीचे लागतात. ज्यांना बँडला थेट पैसे द्यायचेत त्यांनी बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या साइटवर बघा, यातले कितीतरी बँड वाटेल ती किंमत द्या म्हणून सगळं ठेवून देतात, आणि शून्य टाकता येतं म्हणून शून्य टाकू नका, १०० रुपये तरी टाका.

सध्या टेबलावर ओयनेची शीट आहे, २०१७ चा अल्बम, प्रिमा के तुत्तो ब्रूची. ब्रूची हे क्रियापदाचं असं रूप आहे जे अजून घडलेलं नाही, घडेल की नाही तेही ठरलेलं नाही, फक्त भीती आहे. सगळं जळण्याआधी असं लिहिलं होतं, त्यात जळणं ठरल्यासारखं वाटतं. काल रात्री सगळं जळून जायच्या आधी असं केलं, हे जास्त जवळ आहे, त्या जायच्या मधे अजून थोडा वेळ शिल्लक आहे. शनिवारी पहिल्या साइडची चार गाणी घेतो.