नोड आत्ता काय करतोय?

एम.टेक.साठी मी विषय घेतला होता चंद्रावरच्या सेन्सर नोडचा, म्हणजे मोजमाप करून ते रेडिओने पाठवणाऱ्या, बॅटरीवरच्या छोट्या यंत्रांचा: कमीत कमी ऊर्जेत त्यांची माहिती लँडरपर्यंत पोहोचवायची. बॅटरी बदलायला तिथे कोण जाणार? 2023 मध्ये प्रज्ञान रोव्हर फक्त विक्रम लँडरशी बोलायचा आणि पुढे पृथ्वीशी बोलणं विक्रमकडे. माझ्या जाळ्याचा नमुना तोच.

सुरुवात 'लीच'पासून केली. 2000 साली मांडलेली ही पद्धत. नोडचे गट करायचे, गटप्रमुखाने सगळ्यांची माहिती एकत्र करून पुढे धाडायची आणि प्रमुखपद फिरतं ठेवायचं, म्हणजे एकाच्याच बॅटरीवर भार येत नाही. मला ही कल्पना आजही सुंदर वाटते.

निरोपाच्या लांबच्या एका उडीपेक्षा नोडवरून नोडवर छोट्या उड्या स्वस्त, हे मात्र मी गृहीतच धरलं होतं. सिम्युलेशनमध्ये 20 मीटरच्या अंतरात मधे टप्पा घातला, तर नोड उलट लवकर संपायला लागले. चार दिवस कोड तपासला. पाचव्या दिवशी वही घेऊन बसले. नेहमीच्या मॉडेलमध्ये सर्किटचा खर्च बिटमागे 50 नॅनोज्यूल, पाठवतानाही आणि घेतानाही. शिवाय पाठवताना मीटरमधल्या अंतराचा वर्ग गुणिले 100 पिकोज्यूल, म्हणजे 0.1 नॅनोज्यूल. 20 मीटर थेट पाठवलं तर 50 अधिक 40, म्हणजे 90. मधे दहा मीटरवर नोड ठेवला तर 60, 60 आणि मधल्याने ऐकायचे 50. एकूण 170! 100 मीटरला मात्र थेट 1050, दोन टप्प्यांत 650. कोड बरोबरच होता.

मग खरे नोड हातात आले. त्यांच्यावर सीसी 2420 रेडिओ. बॅटरीच्या वाटेत एक ओहमचा रेझिस्टर घालून ऑसिलोस्कोप लावला. पडद्यावर जवळपास 20 मिलिव्होल्टवर सरळ रेघ, म्हणजे सतत 20 मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह.

"हा आत्ता काय करतोय?" सरांनी विचारलं.

"काही नाही सर, नुसता ऐकतोय."

म्हणताम्हणताच मी थांबले. या रेडिओला पूर्ण ताकदीने पाठवायला 17.4 मिलिअँपिअर लागतात आणि ऐकायला 18.8. माझ्या मॉडेलमध्ये या वाट बघण्याचा खर्चच नव्हता.

मग रेडिओने सेकंदातून 10 मिलिसेकंदच जागं राहायचं, असं ठरवलं. रेघ खाली बसली, वर फक्त बारीक काटे. पण शेजारी नोड त्याच क्षणी जागा हवा. एक नोड आईच्या फ्रीझरमध्ये ठेवला, तर त्याचं घड्याळ तासात पाव सेकंदाच्या आसपास मागे पडलं. चंद्रावरची रात्र तर याहून कितीतरी थंड. आता प्रत्येक निरोपासोबत पाठवणाऱ्याच्या घड्याळातली वेळही पाठवली जाते आणि ऐकणारा आपलं घड्याळ तिच्याशी जुळवून घेतो.