लाल शाईतला एचआयव्ही

मंगळवार, रात्री

कॅन्सर विभागाकडून आलेल्या कागदावर एकच ओळ होती: ‘कार-टीसाठी संसर्गाच्या दृष्टीने फिट आहे का, कळवावे.’ कार-टी म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशींत (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींत) कॅन्सर ओळखणारा जनुक घालून त्या परत देण्याचा उपचार. वर नावाशेजारी लाल शाईत ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’. ही लाल शाई माझ्या डोक्यात जाते. गोळ्या वर्षानुवर्षं नियमित, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सापडत नाही इतका कमी, हे मात्र आतल्या कुठल्याशा पानावर, तेही कोपऱ्यात.

आजार मोठ्या बी-पेशींचा लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक कॅन्सर. पहिल्या केमोनंतर उलटला, दुसरीला दाद देत नाही. मधे न्यूमोनिया होऊन गेला, त्याची अँटिबायोटिक्स अजून संपायची आहेत. हिपॅटायटिस बी कधीकाळी होऊन गेल्याची खूण रक्तात आहे. थोडक्यात, माझ्या म्हणजे संसर्गरोगांच्या शाखेतलं बरंच काही एकाच फाइलमध्ये.

ज्युनिअर म्हणाला, “मॅम, अशांना ट्रायलमध्ये घेतलेलंच नव्हतं.” खरं आहे. २०१७ आणि २०१८ मध्ये अमेरिकेत लिम्फोमासाठी ज्या कार-टी उपचारांना मान्यता मिळाली, त्यांच्या मूळ चाचण्यांतून एचआयव्हीचे रुग्ण वगळलेले होते. पण चाचणीत कुणाला घ्यायचं याचे नियम आकडे स्वच्छ यावेत म्हणून असतात. ‘घेतलं नव्हतं’ याचा अर्थ ‘देऊ नका’ असा कसा होतो, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आणि गंमत अशी की या उपचाराची सुरुवातच एचआयव्हीच्या रुग्णांपासून झाली. नव्वदच्या दशकात कार (लक्ष्य ओळखणारा कृत्रिम रिसेप्टर) बसवलेल्या टी-पेशी सुरुवातीला ज्या माणसांना दिल्या, त्यांत एचआयव्हीचे रुग्ण होते. विषाणूवर फारसा परिणाम झाला नाही, पण पेशी टिकल्या. दहा वर्षांनंतरही त्या रक्तात सापडल्या, तो अहवाल २०१२ मध्ये आला. पेशीत नवा जनुक घालायला काही कार-टी उत्पादनांत जो लेंटिव्हायरस वापरतात, तोही एचआयव्हीलाच नखं-दात काढून बनवलेला. असा वाहक वापरून सुधारलेल्या पेशी माणसात पहिल्यांदा दिल्या गेल्या, त्याही एचआयव्हीच्याच पाच रुग्णांना. तो निबंध २००६ चा. म्हणजे ज्यांच्या अंगावर हे तंत्र सिद्ध झालं, लिम्फोमासाठी ते कामाला आलं तेव्हा दार त्यांनाच बंद. हे मी उद्याच्या मिटिंगमध्ये बोलणार नाही. तिथे भावनेवर निर्णय होऊ नये. इथे लिहून ठेवते.

बुधवार

मिटिंगमध्ये खरा वाद झाला तो गोळ्यांवरून. रुग्णाच्या टी-पेशी अफेरेसिसने, म्हणजे रक्त यंत्रातून फिरवून, काढतात, प्रयोगशाळेत त्यांत वाहकातून जनुक घालतात, वाढवून परत पाठवतात. या वाहकाला आपला जनुक पेशीच्या डीएनएत बसवायला रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज आणि इंटिग्रेज हीच दोन एन्झाइम लागतात. आणि एचआयव्हीच्या गोळ्या नेमक्या त्यांनाच अडवतात. त्यामुळे अफेरेसिसच्या आधी गोळ्या थांबवाव्यात का, असा प्रश्न निघाला. प्रश्न चुकीचा नाही. पण या रुग्णाच्या गोळ्यांत टेनोफोव्हिर आहे, आणि टेनोफोव्हिर एचआयव्हीबरोबर त्याच्या जुन्या हिपॅटायटिस बीलाही दाबून ठेवतं. ते काढलं तर एकीकडे एचआयव्ही उसळणार, दुसरीकडे यकृतात दडून बसलेला बी जागा होणार. त्यात बी-पेशींवरच्या सीडी१९ या खुणेवर मारा करणाऱ्या या पेशी चांगल्या-वाईट सगळ्याच बी-पेशी साफ करतात, म्हणजे तो जागा व्हायला रान मोकळं. या उपचारांच्या माहितीपत्रकांत हिपॅटायटिस बी उलटून यकृत निकामी होऊ शकतं हा इशारा उगाच छापलेला नाही.

गोळ्या चालू असतानाही पेशी नीट तयार झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध आहेत. २०१९ मध्ये एचआयव्ही असलेल्या दोन लिम्फोमा रुग्णांचा यशस्वी अनुभव छापून आला, नंतर आणखीही आले. मी सांगितलं, टेनोफोव्हिरला हात लावायचा नाही. पेशी बनवणाऱ्यांना सगळ्या औषधांची यादी आधी द्या, बाकी बदल त्यांच्याशी बोलून करू. गोळ्यांत कोबिसिस्टॅट किंवा रिटोनाव्हिर असतं तर ते मात्र आधी बदलायला लावलं असतं. स्टेरॉइड द्यायची वेळ आली की ही दोन औषधं त्याची रक्तातली पातळी नको तितकी वाढवतात. सुदैवाने याच्या गोळ्यांत दोन्ही नाहीत.

न्यूमोनियावर मात्र मी घाई करू दिली नाही. संसर्ग ‘आहे की नाही’ यापेक्षा मला तीन गोष्टी कळायला हव्या असतात: जंतू कोणता, औषध लागू पडतंय का, आणि पेशी देण्याच्या दिवशी तो कुठवर आलेला असेल. ताप उतरलाय, ऑक्सिजन सुटलाय, नवा सीटी आधीपेक्षा चांगला आहे. पेशी तयार होऊन यायला काही आठवडे लागतातच. ते आठवडे आपल्यालाही मिळतात. पेशी काढायला माझी हरकत नाही. पण पेशी देण्याआधीची केमो (लिम्फोडिप्लिशन), म्हणजे फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड, सुरू करण्याआधी मी पुन्हा बघणार. फुप्फुसात बुरशी किंवा ताजा टीबी निघाला असता तर माझं उत्तर वेगळं असतं. टीबी असेल तर रिफाम्पिसिन एचआयव्हीच्या कितीतरी गोळ्यांचा असर मारतं, आणि पूर्ण कोर्स संपेपर्यंत लिम्फोमा काही हात जोडून उभा राहत नाही.

बुधवार, उशिरा

मला भीती पेशी दिल्यानंतरच्या तापाची आहे. पहिल्या काही दिवसांत ताप येतोच. तो सायटोकाइन रिलीज सिंड्रोमचा (नव्या पेशींमुळे शरीरात उठणाऱ्या दाहाच्या वादळाचा) की रक्तात उतरलेल्या जंतूचा, हे रात्री दोन वाजता पलंगाशेजारी उभं राहून कुणालाही सांगता येत नाही. नाडी जलद, बीपी खाली, दाह दाखवणारे सीआरपी आणि फेरिटिन वर, पांढऱ्या पेशी शून्याजवळ. दोन्हींत चित्र तेच. या वादळावरचं औषध टोसिलिझुमॅब दिलं की दाह पेटवणाऱ्या इंटरल्युकिन-६ चा रस्ता बंद होतो आणि सीआरपी आपोआप खाली येतो. मग सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि मी टाकत नाही. ब्लड कल्चर घ्यायचं, अँटिबायोटिक त्याच तासात चालू करायचं, आणि कल्चर निगेटिव्ह आल्यावर थांबवण्याचं धाडसही ठेवायचं. हे शेवटचं फारसं कुणी करत नाही.

२०२४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये कार-टी घेतलेल्या साडेसात हजारांहून जास्त रुग्णांचं विश्लेषण आलं. कॅन्सर न उलटताही जे दगावले, त्यांतले जवळपास निम्मे संसर्गाने गेले. ज्या सायटोकाइनच्या वादळाला सगळे टरकून असतात, त्याचा वाटा त्यामानाने बराच कमी. म्हणजे पहिला महिना पार पडला, घरी सोडलं, फुलांचा गुच्छ दिला, आणि खरी जोखीम त्यानंतरच्या महिन्यांत. संसर्ग टाळणारी असायक्लोव्हिर आणि कोट्रायमॉक्सॅझोल चालू आहे ना, आयजीजी (रक्तातली अँटिबॉडी) किती उरलंय, सीडी४ पेशींचा आकडा दोनशेच्या वर आला का, लस कधी परत द्यायची, ही कामं कंटाळवाणी असतात म्हणून सुटतात.

गुरुवार

आज रुग्णाशी बोलले. बायको शेजारी होती, तिला सगळं माहीत आहे, त्यामुळे मोकळेपणाने बोलता आलं. त्यांनी विचारलं, “मॅडम, त्या पेशी एचआयव्हीचाच विषाणू वापरून करतात असं वाचलं. मग माझा आजार वाढणार नाही ना?”

मी म्हटलं, “त्यातलं वाढायला लागणारं सगळं काढून टाकलेलं असतं. तो जनुक पोचवतो आणि संपतो. पण तुम्ही एक लक्षात ठेवा. काही तपासण्या त्या वाहकाचे तुकडे बघून फसतात. नंतर कधी व्हायरल लोड एकदम वाढलेला दिसला तर घाबरून गोळ्या बदलून घेऊ नका, आधी मला फोन करा.”

“म्हणजे रिपोर्ट खोटं बोलेल?”

“बोलू शकतो.”

“मग तर,” बायको म्हणाली, “ते लिहूनच द्या. नाहीतर दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात गेलो तर आमचं ऐकणार कोण?”

लिहून दिलं. कुठली तपासणी, कुठल्या पद्धतीने, आणि कार-टी कधी दिली याची जागा रिकामी सोडून. हे पत्र खरं तर कार-टी घेणाऱ्या प्रत्येकाला मिळायला हवं; ज्यांना एचआयव्ही नाही त्यांचीही अशी तपासणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि त्यांना तर धक्का मोठा बसेल.

कन्सल्टच्या कागदावर उत्तर लिहिलं: ‘अफेरेसिसला हरकत नाही. टेनोफोव्हिर बंद करू नये. हिपॅटायटिस बी डीएनए आजच पाठवावा. लिम्फोडिप्लिशनआधी पुन्हा कळवावे.’ निळ्या शाईत. डीएनएचा रिपोर्ट आला की अफेरेसिसची तारीख ठरेल.