कीर्द भरली, खतावणी कोण लिहिणार?

सोमवार

लिहायची वही बंद पडते ती वेळ नसल्यामुळे किंवा कंटाळ्यामुळे, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. माळ्यावर भरलेल्या वह्यांचा गठ्ठा आहे आणि एकही कथा पुरी झालेली नाही, अशी माणसं पुष्कळ असतात. त्यांचं लिहिणं थांबलेलं नसतं. उलटून वाचणं थांबलेलं असतं. दुकानाच्या हिशेबात रोजची नोंद कीर्दीत पडते आणि तिथून खात्याखात्याने खतावणीत जाते. नुसती कीर्दच भरत राहिली तर कोणाकडून किती येणं आहे, हे दिवाळीलाही कळत नाही. लेखकाच्या रोजनिशीचं नेमकं हेच होतं. म्हणून आधी वहीची मांडणी लिहून ठेवते, लिहिण्याचं पुढे बघू.

वही २०० पानी, एकरेघी, पिशवीत सहज जाईल अशी. शाळेच्या साध्या वहीचा कागद साधारण ५४ ते ६० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) असतो. त्यावर शाईचं पेन चालवलं की अक्षर मागे उतरतं, मग पाठपोट लिहिता येत नाही. बॉलपेन बरं. शाईचाच हट्ट असेल तर ८० जीएसएमच्या पुढचा कागद घ्यावा. चामडी बांधणीची, रेशमी फीतवाली वही भेट आली तर ती पत्ते लिहायला ठेवावी. तिच्यात खाडाखोड करायला हात धजत नाही, आणि खाडाखोड नसलेली वही लेखकाच्या कामाची नाही.

पानांना आकडे पहिल्याच दिवशी घालायचे. रोजची नोंद फक्त उजव्या पानावर, डावं पान कोरं. शेवटची १६ पानं खतावणीसाठी राखून ठेवायची. उरलेल्या १८४ पानांत ९२ उजवी पानं मिळतात, म्हणजे एक वही तीन महिन्यांची. डाव्या पानांची उधळपट्टी बघून जीव कळवळतो खरा, पण खरं काम पुढे तिथेच होतं.

नोंद पाच ओळींची: एक पाहिलेलं, एक ऐकलेलं (शब्दशः, सुधारून नाही), एक वास किंवा स्पर्श, एक आकडा, एक न सुटलेला प्रश्न. नमुना असा:

भाजीवालीने तराजूखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. / ‘घ्या ताई, नायतर संध्याकाळी गाईलाच घालायचंय.’ / ओल्या गोणपाटाचा वास. / मेथीची जुडी २५. / घडी कशाला? तराजू डुगडुगत होता, की वजनात मारायचं होतं?

याउलट ‘आज फार उदास वाटलं’ अशी नोंद घ्या. तीन महिन्यांनी तिच्यातून काहीही निघत नाही, कारण उदासीचं नाव तेवढं उरलं, तिच्यामागचं निमित्त वाहून गेलं. उदास वाटलं तर त्या वेळी हात काय करत होते ते लिहावं. धुतलेलाच कप पुन्हा धुतला असेल तर तेवढंच लिहावं. भावना त्यात आपोआप राहते.

मंगळवार

आता प्रॉम्प्ट, म्हणजे सरावासाठी दिलेला विषय किंवा प्रसंग. हा प्रकार बाहेरून आला असं मानणाऱ्यांनी आपली शाळेची उत्तरपत्रिका आठवावी. नदीचं आत्मवृत्त, सूर्य उगवला नाही तर, दिलेल्या मुद्द्यांवरून गोष्ट लिहा. प्रॉम्प्टवर लिहिण्याचा सराव मराठी माणसाला पाचवी-सहावीपासून असतो. अडचणही तिथेच आहे. मुद्द्यांवरून गोष्ट लिहिली की शेवटी शीर्षक आणि तात्पर्य द्यावं लागतं, त्याचे गुण असतात. चाळीशीतला माणूसही दहा मिनिटांच्या सरावात शेवटच्या तीन ओळींत शहाणपणा सांगू लागतो तो या सवयीने. उपाय ओबडधोबड आहे: वेळ संपली की शेवटचा परिच्छेद पेन्सिलीने झाकायचा आणि त्याच्या आधी मजकूर संपतो का ते बघायचं. बहुतेक वेळा संपतो, आणि बरा संपतो.

सुरुवातीलाही तीच सवय नडते. ‘पाऊस’ असा विषय दिला की पेनातून मातीचा सुगंध, गरम भजी आणि बालपण उतरतं, त्याच क्रमाने. दोष लिहिणाऱ्याचा नाही, विषय ढिला आहे. प्रॉम्प्टमध्ये चार गोष्टी हव्यात: एक माणूस, एक वस्तू, एक अडथळा आणि थोडकी वेळ. ‘पाऊस’चं असं करावं: मे महिना, गच्चीवर कुरडया वाळत घातल्यात, वळिवाचे थेंब सुरू झालेत, घरात एकटे आजोबा आहेत आणि त्यांचा पाय प्लास्टरमध्ये आहे. आता भजी सुचणार नाहीत. ते शेजारच्या मुलाला हाक मारतील का, त्याच्या घरच्यांशी बोलणं बंद असेल तर काय, सून परत आल्यावर काय म्हणेल, हे सुचेल. कथा अडथळ्यापाशी उगवते.

बोलण्याच्या सरावासाठी मराठीत एक हुकमी प्रॉम्प्ट आहे. दोन माणसांचं १५ ओळींचं संभाषण. पहिल्या ओळीत ‘तुम्ही’, शेवटच्या ओळीत ‘तू’. मधे कुठे बदललं ते निवेदकाने सांगायचं नाही. किंवा उलट: ‘तू’पासून सुरुवात करून ‘आपण’वर यायचं. भावजय-नणंद घ्या, रिक्षावाला आणि त्याचा जुना मास्तर घ्या, घटस्फोटाच्या तारखेला आलेले नवरा-बायको घ्या. ‘तो रागाने म्हणाला’ लिहायची गरजच पडत नाही.

बुधवार

प्रॉम्प्टच्या चिठ्ठ्या कापल्या. एका वेळी २० पुरे. ३६५ प्रॉम्प्टची यादी जवळ ठेवली की लिहायची वेळ निवडण्यात जाते आणि निवडल्याचंच समाधान मिळतं. चिठ्ठी उचलायची, आवडली नाही तर एकदाच बदलायची, दुसरी आली ती लिहायची. वापरलेली फाडून टाकायची. घड्याळ १० मिनिटांचं. तेवढ्यात हाताने पाऊण ते एक पान होतं. पेन अडलं तर शेवटचाच शब्द पुन्हा लिहीत राहायचं, तिसऱ्या-चौथ्या वेळी डोकं वैतागून काहीतरी पुरवतं. खोडायचं नाही, मागचं वाचायचं नाही.

मोबाइलवर लिहिणाऱ्यांना एवढंच सांगणं: शब्द सुचवणारी पट्टी बंद करा. ती पुन्हा पुन्हा सरावाचेच शब्द सुचवते.

गुरुवार

आजचा दिवस बंधनांचा. माझा आवडता भाग, त्यामुळे लांबणार.

मोकळीक दिली की हात सरावाच्या वाटेनेच जातो, अडवला की दुसरी वाट शोधतो. पॅरिसमध्ये १९६० मध्ये रेमाँ क्नो आणि फ्रांस्वा ल लिओने यांनी ‘उलिपो’ हा गट काढला तो याच कामासाठी. त्यांच्यातल्या जॉर्ज पेरेक यांची १९६९ मधली एक आख्खी कादंबरी फ्रेंचमधलं सर्वांत जास्त येणारं ‘ई’ हे अक्षर टाळून लिहिलेली आहे. आपल्याकडे हा उद्योग फार जुना. समस्यापूर्तीत शेवटचा चरण दिला जायचा आणि कवीने आधीचे तीन रचायचे. भोजराजाच्या दरबाराची दंतकथा प्रसिद्ध आहे: समस्या म्हणून नुसता ‘ठठं ठठं ठं’ असा निरर्थक नाद दिला. पूर्ती अशी झाली की अभिषेकाच्या वेळी तरुणीच्या हातून सोन्याचा घडा निसटला आणि पायऱ्यांवरून गडगडत गेला, त्याचा हा आवाज. गझलेच्या तरही मुशायऱ्यातही एक ओळ दिलेली असते. तिचं वृत्त, काफिया (यमक), रदीफ (त्यापुढे तसाच पुन्हा येणारा शब्द) सांभाळून प्रत्येकाने आपली गझल लिहायची. गद्यवाल्यांनी यातून उचलण्यासारखं एकच: शेवट आधी ठरवा. ‘आणि त्यांनी कुलूप न लावताच दार ओढून घेतलं’ ही शेवटची ओळ पानाच्या तळाशी लिहा आणि वरून तिच्याकडे यायला लागा. तात्पर्याला जागाच उरत नाही.

मराठीपुरतं सर्वांत कामाचं बंधन म्हणजे जोडाक्षर न वापरता १०० शब्द. ऐकायला पहिलीच्या पुस्तकासारखं वाटतं, पण बसून बघा. अस्तित्व, स्मृती, क्षण, प्रेम, नि:शब्द ही सगळी मंडळी एका फटक्यात बाहेर जातात, आणि हौशी लेखनाचा निम्मा भार याच शब्दांवर असतो. पण साधे शब्दही जातात, हे दुसऱ्या वाक्यात कळतं. ‘म्हणाला’ गेलं. ‘त्याने’, ‘तिच्या’, ‘माझ्या’ गेलं. ‘बायका आल्या’ गेलं. मग वाक्य वळवावं लागतं, मालकी सांगायची तर रचनाच बदलावी लागते. असं काही हाती येतं:

दुपारी घर गप होतं. आई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. मधेच थांबून रिकामी वाटी उचलायची, परत ठेवायची.

कोणी दु:खी आहे असं यात म्हटलेलं नाही. म्हणायची सोयच नव्हती. हे बंधन आठवड्यातून एकदाच घ्यावं. रोज घेतलं तर गद्य तुटक होतं आणि तो तुटकपणाच शैली वाटू लागतो.

पद्याकडे ओढा असेल तर मोठा अभंग घ्या: चार चरण, ६-६-६-४ अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. जोडाक्षर एकच मोजायचं. विठ्ठल, पंढरी, माउली यांना सुटी द्यायची आणि स्वयंपाकघरातला विषय घ्यायचा.

उशिरा ये पाणी / न वाजे ती शिटी / डब्यालाही सुटी / आज देऊ

काव्य म्हणून याची किंमत शून्य आहे. ‘ये’ आणि ‘ती’ अक्षरं भरायला आलेत हे दिसतंच. पण भरतीचा शब्द कुठला ते ओळखू येणं हाच इथला सराव. पुढे गद्यातही ‘खरं तर’, ‘जणू’, ‘कुठेतरी’ हे भरतीचे शब्द डोळ्यांना टोचू लागतात.

शुक्रवार

नोंद नाही झाली. उद्या आजची भरायची नाही. आठवून लिहिलेल्या नोंदीत वास आणि आकडा हमखास खोटे असतात, आणि चार दिवसांची थकबाकी चुकवायला बसलेला माणूस पाचव्या दिवशी वहीच उघडत नाही.

रविवार

खतावणी. २० मिनिटं, त्याहून जास्त नाही.

मागच्या १६ पानांत प्रत्येक खात्याला दोन पानं, म्हणजे आठ खाती. माझ्या मते बरी चालणारी: बोलणी, हातांची कामं, जागा, वस्तू, पैसे, खोटेपणा, भांडणाची कारणं, प्रश्न. ‘प्रेम’, ‘निसर्ग’, ‘समाज’ अशी खाती उघडू नयेत, त्यात काहीही बसतं म्हणून काहीच सापडत नाही. आठवड्याच्या नोंदी वाचायच्या आणि कामाची वाटली ती खात्यावर चढवायची, पण पूर्ण उतरवायची नाही. पानाचा आकडा आणि चार-पाच शब्द: ‘१५, तराजूखाली पुठ्ठा’. हीच नोंद ‘वस्तू’त जाऊ शकते आणि ‘खोटेपणा’तही. दोन्हीकडे चढवावी. सुबक अक्षरात सगळं पुन्हा लिहायला बसलात तर तिसऱ्या रविवारी हे काम टळतं.

महिनाअखेरीला दोन वेगळ्या खात्यांतल्या दोन नोंदी डोळे मिटून उचलायच्या. ‘पैसे’मधून ‘३१, मयताच्या सामानाची पावती मागितली’ आणि ‘हातांची कामं’मधून ‘२३, ब्लाउजची शिवण उसवून पुन्हा घातली’. या दोघांना एका घरात बसवा. हा प्रॉम्प्ट कुठल्याही यादीत मिळणार नाही, आणि त्यातला तपशील आधीच तुमचा आहे. सहा महिन्यांनंतर बाहेरच्या चिठ्ठ्या लागू नयेत, अशी अपेक्षा धरावी.

आता कोरं डावं पान. दहा मिनिटांचे तुकडे साठत गेले की लिहीत असल्याचा भास होतो, पण तुकड्यांची कथा आपोआप होत नाही. म्हणून दर चौथा आठवडा नव्या प्रॉम्प्टविना. जुना एकच तुकडा घ्यायचा आणि त्याच्या डाव्या पानावर तीन गोष्टी लिहायच्या: याच्या आधी काय घडलं, कोणाला काय हवंय, ते न मिळाल्यास काय जाईल. मग सुट्या कागदांवर ८०० ते १००० शब्द. पहिला परिच्छेद बहुधा प्रॉम्प्टलाच उत्तर देत असतो, तो कापायचा. नंतर प्रॉम्प्टमधली वस्तूही काढून बघायची. कुरडया काढल्या आणि आजोबा-शेजाऱ्यांचं भांडण उभं राहिलं, तर कुरडया नुसता टेकूच होत्या, गेल्या. नाही उभं राहिलं तर त्या कथेच्या आहेत, राहू द्या.

ऐकलेलं बोलणं कथेत घेताना माणूस, गाव आणि व्यवसाय या तीनपैकी दोन तरी बदलावेत. वहीतही खरी नावं नकोत. ‘वरची वहिनी’, ‘पासवाले काका’ पुरेत. घरातली वही कोणीतरी वाचतंच.

दिवाळी अंकाला पाठवायचं मनात असेल तर हिशेब उलटा करावा. ही परंपरा १९०९ मध्ये संपादक का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकापासूनची, पण अंकांचं साहित्य जुळतं ते पावसाळ्यात. म्हणजे कच्चा खर्डा एप्रिलमध्ये हवा, त्याला महिनाभर हात न लावता ठेवून मे अखेरीस पुन्हा वाचायला हवा, आणि त्याचा तुकडा जानेवारी ते मार्चच्या वहीत असायला हवा. ती वही आता भरत आली असेल तर खतावणीतलं ‘प्रश्न’ हे खातं आधी उघडा. बाकीच्या सात खात्यांपेक्षा तिथे कथा लवकर सापडते.