कागद कुठं ठेवलेत ते विचारा

शिबिरात मौन असलं की सगळ्यात जास्त बोलावं लागतं ते ऑफिसात बसणाऱ्याला. आत चाळीसेक बायका गप्प असतात, पण त्यांची घरं गप्प नसतात. ती घरं माझ्याशी बोलतात.

मावळात, भाजे लेण्यांच्या डोंगरापासून फार लांब नसलेल्या एका बौद्ध शिबिर केंद्रात मी व्यवस्था बघते. नोंदणी, खोल्या, गाद्या, भाजीवाला, गॅस, डासांच्या कॉइल आणि एक बटणांचा फोन. शिबिरार्थी आल्या की मोबाइल बंद करून नावाची चिठ्ठी लावलेल्या कापडी पिशवीत घालतात, पिशव्या कपाटात जातात आणि घरच्यांकडे माझ्या या बटणांच्या फोनचा नंबर जातो. 'अगदीच तातडीचं असेल तरच' असं आम्ही फॉर्मवर छापलंय. आता तातडीचं म्हणजे काय, हे घरागणिक वेगळं. सिलेंडर संपला हे तातडीचं. धाकट्याचे मोजे सापडत नाहीत हेही तातडीचं. एका गृहस्थांनी तर तूरडाळीत पाणी किती घालायचं ते विचारायला फोन केला होता. मी सांगून टाकलं. बायकोला ध्यानातून उठवण्यापेक्षा ते सोपं होतं.

उन्हाळ्यात आमच्याकडे तरुण पोरापोरींची मोठी शिबिरं होतात, दिवाळीनंतर लांब पल्ल्याची ध्यानाची. मला स्वतःला आवडतं ते पावसाळ्यातलं. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. भिक्खूंनी पावसाचे तीन महिने फिरणं थांबवून एका जागी राहायचं आणि अभ्यास करायचा, थेट अश्विन पौर्णिमेपर्यंत, ही बुद्धाच्या काळापासूनची रीत. दोन हजार वर्षांपूर्वी खोदलेल्या भाज्याच्या त्या खोल्यांत जुलै महिन्यात जाऊन उभं राहिलं की ही रीत पुस्तकाशिवाय समजते. झोपायला दगडी ओटा, समोर धुकं, प्यायला पाण्याचं टाकं. जाणार कुठे?

२०२४ साली ती पौर्णिमा २१ जुलैला, रविवारी आली आणि त्याच संध्याकाळी महिलांचं शिबिर सुरू झालं. सकाळी आनापानसती, म्हणजे श्वासावरचं ध्यान, आणि मैत्री भावना, म्हणजे सगळ्यांविषयी मैत्री जोपासायचं ध्यान, दुपारी मातीकाम आणि लेखन, संध्याकाळी पूजा. मातीकाम घेणाऱ्या बाई चित्रकलेच्या शिक्षिका. त्यांनी विषय काढला होता लेण्यांमधल्या दानलेखांचा. कार्ल्याच्या चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या लेण्यात, कुठला खांब कुणी दिला ते खांबावरच कोरलंय. धेनुकाकट गावचा सिंहदत्त नावाचा गंधी, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, त्याने दार दिलं. भाज्याला एका टाक्यावर लिहिलंय, महारठी कोसिकीपुत विण्हुदत याचं दान. महारठी हा त्या काळचा हुद्दा. गाव, नाव, काय दिलं, संपलं. राजाची भलामण नाही, देणाऱ्याचं कौतुक नाही. बाई म्हणाल्या, तुम्हाला आयुष्यात ज्याने काही दिलं त्याचा असाच लेख शाडूच्या पाटीवर लिहा. विशेषणं वापरायची नाहीत.

पहिले दोन दिवस सगळ्या अडल्या. विशेषणं सोडून आईबद्दल लिहायचं कसं? मग हळूहळू जमायला लागलं. विणायच्या सुईने कोरलेल्या पाट्या व्हरांड्यातल्या फळीवर मांडून ठेवलेल्या असायच्या, मी जाता-येता वाचायची. 'आई. गाव परतूर. दान : शाळेची फी.' एकीची होती, 'सासू. गाव फलटण. दान : गप्प बसणं.' देहूरोडच्या एका ताईंनी आजोबांचा लेख केला होता. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांच्या हस्ते देहूरोडला बुद्धमूर्ती बसली, त्या दिवशी आजोबांनी गर्दीला पाणी पाजलं होतं म्हणे. पाटीवर फक्त 'दान : पाणी'. पावसाळी हवेत त्या पाट्या काही वाळत नव्हत्या, तो ताप वेगळाच.

गुरुवार, २५ तारीख, पूर्ण मौनाचा दिवस. पहाटे पाचची घंटा मीच देते. त्या दिवशी पलीकडच्या इमारतीत ती ऐकूच गेली नाही, इतका पाऊस पत्र्यावर वाजत होता. लाइट रात्रीच गेली होती. मेणबत्त्या लावून वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं आणि मौन सुरू झालं. मी ऑफिसात आले. आमच्याकडे रेंज येते ती ऑफिसच्या खिडकीत, तीही उजव्या कोपऱ्यात. तिथे फोन ठेवला.

सहाच्या आतच वाजला.

"ताई, जय भीम. तुमच्याकडं आलीय ना, तिचा मिस्टर बोलतोय." नाव सांगितलं.

"जय भीम दादा, बोला."

"घरात पाणी आलंय. खडकवासला धरणातनं सोडलंय रात्री. पोरं वर शेजाऱ्यांकडं दिलीत. तिला काय सांगू नका ताई, उगं धावत सुटंल. फक्त एवढं विचारा, कागद कुठं ठेवलेत?"

"कुठले कागद?"

"सगळेच. पोरांचे दाखले, जातीचा दाखला, घराची पावती. गुडघ्याला लागलंय पाणी, अजून चढतंय."

तिला सांगू नका, पण तिला विचारा. फोन खाली ठेवून मी हे वाक्य पुन्हा एकदा मनात म्हणून बघितलं.

शिबिर घेणाऱ्या धम्मचारिणी, म्हणजे धम्माची दीक्षा घेतलेल्या ताई, ध्यानकक्षात होत्या. त्यांना खुणेने बाहेर बोलावलं. त्यांचं म्हणणं, बैठक संपायला वीस मिनिटं आहेत, तेवढी होऊ दे. एरवी मी त्यांचा शब्द खाली पडू देत नाही, पण त्या वेळी म्हटलं, ताई, पाणी वीस मिनिटं थांबणार नाही. ज्या घरात दाखला एकदा भिजला की तो पुन्हा काढायला चार कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात, त्या घराला वीस मिनिटं फार असतात. त्या क्षणभर पावसाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बोलू नकोस तिच्याशी. चिठ्ठी दे. बाकीच्या बसल्यात."

पहिली चिठ्ठी मी 'घरी पाणी' अशी सुरू केली आणि फाडली. दुसरी लिहिली : 'मुलं सुखरूप आहेत, वर शेजारी आहेत. घरात पाणी आलंय. मिस्टर विचारतात, कागद कुठे आहेत?'

खांद्याला हात लावून तिला उठवलं. बाहेर पॅसेजमध्ये मी टॉर्च धरला, तिने वाचलं. तोंडातून शब्द नाही. हाताने पेन मागितलं आणि चिठ्ठीच्या मागे, भिंतीवर कागद टेकवून, भराभरा लिहिलं :

'लोखंडी कपाट, खालचा खण, शालूच्या खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत. शालू राहू दे. किल्ली गव्हाच्या डब्यात तळाला. बाबासाहेबांचा फोटो उंच आहे, त्याला काही होत नाही.'

कागद माझ्याकडे देता देता परत ओढून घेतला आणि खाली लिहिलं : 'आधी मेन स्विच बंद करायला सांगा.' त्या ओळीखाली दोन रेघा.

मी खिडकीत जाऊन शब्द न् शब्द वाचून दाखवला. मेन स्विचचं आधी. पलीकडे पाण्याचा डुबुक डुबुक आवाज, मग गहू सांडल्याचा, मग "घावली" असं ओरडणं. मी पॅसेजकडे वळून अंगठा दाखवला. ती मान हलवून आत गेली आणि आपल्या गादीवर परत बसली. मला वाटलं, काय धीर आहे बाईचा. नंतर तिनेच सांगितलं, कसलं ध्यान आणि कसलं काय, पोरांची दप्तरं कुठल्या खिळ्याला होती ते आठवत बसले होते.

त्या पहाटे खडकवासल्यातून मुठा नदीत ३५ हजार क्युसेकच्या (सेकंदाला ३५ हजार घनफूट) घरात पाणी सोडलं होतं, हे पुढच्या फोनांमधून तुकड्यातुकड्याने कळत गेलं. पुण्यात सिंहगड रोडला एकतानगरीत सोसायट्यांची पार्किंगं बुडाली, शाळांना सुट्टी दिली, पुढे लष्कराची माणसं बोलवावी लागली. डेक्कनजवळ पुलाची वाडी इथे शॉक लागून तीन जण गेले, ही बातमी आल्यावर मी ती दोन रेघांची चिठ्ठी काढून पुन्हा एकदा वाचली.

मग ठरवलं, फोन यायची वाट बघायची नाही. फॉर्मची फाइल काढली, पत्ते वाचत नदीच्या, ओढ्याच्या आसपासचे बाजूला ठेवले आणि एकेका घरी मीच फोन लावायला घेतला. स्वयंपाकघरातल्या मावशी पोहे परतायचे सोडून टिकमार्क करायला बसल्या. कुठे लागेना, कुठे बंद. एका सुनेने सांगितलं, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, काळजी नाही, पण दोन्ही गाड्या पाण्याखाली आहेत, आणि हे आईंना आज नका सांगू, उद्या सांगा. एक कॉलेजातला मुलगा म्हणाला, "आई तिकडंय तेच बरंय. इथं असती तर मला ओरडायलाच वेळ गेला असता." ज्यांच्या घरी खरोखर पाणी होतं त्यांनाच चिठ्ठ्या गेल्या. बाकीच्यांना काही कळवलं नाही. यावर ताईंचं आणि माझं एकमत होतं.

एका चिठ्ठीला मात्र तोंडी उत्तर आलं. पिंपरीकडच्या एक आत्या, साठी उलटलेल्या. वाचलं आणि तिथेच खड्या आवाजात म्हणाल्या, "मला घरी जायचंय." आतल्या निम्म्या माना वळल्या असणार. त्यांना ऑफिसात आणलं. स्टेशनकडच्या रस्त्यावर पाणी होतं, इंद्रायणी फुगलेली, आणि लोकल सुटेल की नाही हे कुणी छातीठोक सांगेना. हे समजावत होते तर म्हणाल्या, "मौनबिन राहू दे, फोन दे इकडं."

दिला. माझी खुर्चीही दिली. पुढचा अर्धा तास त्यांनी खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात उभं राहून जे काही केलं ते बघण्यासारखं होतं. थोरल्याला झापलं, धाकट्याला गल्लीतल्या म्हातारीला उचलून आणायला पिटाळलं, शेजारणीकडून धान्याची पोती माळ्यावर चढवून घेतली, आणि कुणाच्या तरी गरोदर लेकीला विहारात नेऊन ठेवायची व्यवस्था लावली. घरी असत्या तर गुडघाभर पाण्यात उभं राहून हेच केलं असतं. दिवसभर मग त्या माझ्याबरोबरच बसल्या. फोन आला की आधी त्या उचलायच्या आणि "तातडीचं आहे का? नाही ना? मग ठेव" म्हणून मोकळ्या व्हायच्या. माझी इतक्या वर्षांत तसं म्हणायची छाती झाली नव्हती.

जेवणाच्या आधी धम्मचारिणी ताईंनी सगळ्यांना जे होतं ते सरळ सांगितलं. ज्यांना मौन सोडायचं आहे त्यांनी सोडा, मोबाइल हवेत त्यांनी घ्या, ज्यांना राखायचं आहे त्यांनी राखा. कपाट उघडलं, पिशव्या वाटल्या, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की मोबाइल हातात असून उपयोग नाही, रेंज त्या एका खिडकीतच. तिथे रांग लागली. पंधरा-वीस जणी मात्र उठल्याच नाहीत. त्यांतल्या दोघींच्या घरी पाणी होतं. एकीने मला नंतर सांगितलं, घरून निघायला तिला सासू, नवरा, दोन मुलं आणि एक कामाची मालकीण एवढ्यांची परवानगी लागली होती. "आता परत कधी मिळायची? पाणी काढायला मी गेल्यावर आहेच."

यावरून नंतर आमच्या बैठकीत बरीच चर्चा झाली. काहींचं म्हणणं, मौन मोडायलाच नको होतं. काहींचं, पहाटेच सगळ्यांना उठवून सांगायला हवं होतं. मला दोन्ही पटत नाही. ज्याच्या घरात पाणी शिरलंय त्याला ते कळलंच पाहिजे, तो ध्यानात बसलेला असला तरी. आणि ज्याच्या घरात नाही त्याच्या डोक्यात ते घालायची घाई कशाला?

दुपारी मातीकाम झालं. कमी जणी आल्या, पण झालं. पहाटेची ती चिठ्ठीवाली आली होती. पाटी माझ्या पुढ्यातच लिहिली, शाडूने बरबटलेल्या बोटांनी, हसत : 'सासरे. गाव बार्शी. दान : लोखंडी कपाट.'

संध्याकाळी पूजेच्या आधी तिच्या मिस्टरांचा फोन आला. पाणी उतरलं होतं, चिखल राहिला होता. कागद कोरडे, शालूसुद्धा वाचला. गव्हाचा डबा मात्र किल्ली काढल्यावर उघडाच जमिनीवर राहिला आणि सगळा गहू गेला. "तेवढं तिला सांगू नका ताई."

मी सांगितलं. ती म्हणाली, "मला ठाऊकच होतं."

शुक्रवारी ज्यांना निघायचं होतं त्या निघाल्या, आत्या सगळ्यात आधी. पुढच्या शिबिरापासून आमच्या फॉर्ममध्ये एक ओळ वाढली : 'घरातली महत्त्वाची कागदपत्रं कुठे आहेत, हे तुमच्याशिवाय आणखी कुणाला माहीत आहे?' बहुतेकजणी ती रिकामीच सोडतात. मागच्या वेळी एकीने 'धाकटी मुलगी' असं लिहिलं होतं. वय विचारलं तर म्हणाली, सात.