ग्रंथालयाची दक्षिण भिंत, दुसऱ्यांदा

मेक्सिको सिटीतल्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची प्रतिकृती, प्रमाण १:२००. छापील कागद चिकटवून केलेल्या भिंती मी या महिन्यात काढून टाकल्या. मापं बरोबर होती, पण इमारतीचा जीवच त्यात नव्हता. या भिंतींवरची प्रचंड चित्रं करणाऱ्या हुआन ओ'गोर्मननं तिथं रंग लावलेलाच नाही. देशभर हिंडून त्यानं रंगीत दगड जमवले, ते बसवलेल्या चौरस मीटरच्या काँक्रीटच्या फरश्या आधी घडवल्या आणि मग पुस्तकांच्या दहा मजली मनोऱ्यावर चढवल्या. चारी बाजू मिळून सुमारे ४,००० चौरस मीटर. माझ्या प्रमाणात एक फरशी ५ मिलिमीटरची, आणि चारी भिंतींचं चित्र एका ए-३ कागदात मावतं!

म्हणून आता दगडच. काळ्यासाठी खडीतला बसाल्ट, लालसाठी कोकणातला जांभा, पांढऱ्यासाठी शिरगोळा. खलबत्त्यात कुटून, चाळून अर्ध्या मिलिमीटरचे कण वेगळे केले. निळा दगड मिळेना. ओ'गोर्मनलाही मिळाला नव्हता, त्यानं निळ्यासाठी रंगीत काच वापरली. मग मी आईच्या फुटलेल्या निळ्या बांगड्या फडक्यात गुंडाळून कुटल्या. (चष्म्याशिवाय हे करू नका.) कलत्या उन्हात तो निळा जसा उजळतो, तसा छापील निळा कधीच उजळला नाही.

दक्षिण भिंतीवरचं चित्र स्पॅनिश वसाहतकाळाचं. तिच्यावर दोन मोठी वर्तुळं आहेत, एक टॉलेमीच्या पृथ्वीकेंद्री विश्वाचं आणि एक कोपर्निकसच्या सूर्यकेंद्री विश्वाचं. मी कण ट्रेसिंग कागदावर पालथे मांडून मागून प्लास्टर ओततो. चित्र उलटं काढायला विसरलो आणि दोघांच्या जागांची अदलाबदल झाली. अकरा संध्याकाळींचं काम फोडलं. दुसऱ्या खेपेला प्लास्टर पातळ कालवून दोन थरांत ओतलं, बुडबुडे जवळजवळ नाहीत.

तळमजल्याच्या काळ्या भिंतींचं काम सोपं गेलं. विद्यापीठाचा परिसर शीत्ले ज्वालामुखीच्या लाव्हावर वसलाय. त्याच लाव्हानं जवळचं कुइकुइल्को हे प्राचीन नगर गाडलं होतं. भिंतींचा दगडही तोच. तिथं आपला सह्याद्रीचा दगड लावताना मला फार समाधान वाटलं, कारण तोही लाव्हाच.

आता उत्तर भिंत, म्हणजे स्पॅनिश लोक येण्यापूर्वीचं मेक्सिको. फिकट हिरवा अडलाय. बसाल्टच्या पोकळ्यांत मिळणारा हिरवा थर फार मऊ, कुटला की पीठच होतं. कुणाकडे टणक हिरवा दगड असेल, तर ओल्या प्लास्टरमध्ये त्याचा रंग टिकतो का, ते कळवा.