फीडर ट्रिप झाला आणि नवतारा दिसला

मी सबस्टेशनवर ऑपरेटर आहे, माण तालुक्यात. दर तासाला पॅनेलवरचे अँपिअर-व्होल्ट लॉगशीटवर उतरवायचे, आणि तीच खोड पुढे आकाशालाही लागली. रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणारे तारे बघायचे, शेजारच्या ठरलेल्या ताऱ्यांशी ताडून प्रत (तेजाचा आकडा, जितका लहान तितका तारा ठळक) काढायची आणि आकडा एएव्हीएसओ या अशा ताऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकन संस्थेला पाठवायचा. पगार अर्थात पहिल्याच कामाचा मिळतो.

9 ऑगस्ट 2021, पहिला श्रावणी सोमवार. दुपारीच ग्रुपवर मेसेज पडला होता, भुजंगधारी तारकासमूहातला आरएस ऑफ्युची उडाला! आदल्या रात्री आयर्लंडच्या कीथ गिअरींनी पाहिला, प्रत 5. एरवी हा अकराव्या-बाराव्या प्रतीचा, माझ्या 10×50 बायनॉक्युलरला कधी न दिसणारा. तिथे एक श्वेतबटू (ताऱ्याचा उरलेला लहानसा, दाट गाभा) आणि एक तांबडा राक्षसी तारा अशी जोडी आहे, बटू शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढून अंगावर साठवत राहतो आणि थर पुरेसा झाला की तो थर हायड्रोजन बॉम्बसारखा पेटतो, तारा मात्र शाबूत, परत साठवायला मोकळा. याआधी फेब्रुवारी 2006 मध्ये पेटला होता. आता पेटला तो नेमका पावसाळ्यात. पण आमच्याकडे पाऊस तसा नावालाच, त्यामुळे थोडी आशा होती.

पावणेनऊला गावचा 11 केव्ही फीडर, म्हणजे गावाला वीज नेणारी लाईन, ओव्हरकरंटवर ट्रिप. एकदा चार्ज करून बघितला, धरला नाही. वायरमन परमिट (लाईन बंद ठेवून काम करायची लेखी परवानगी) घेऊन बाईकवर फॉल्ट शोधायला गेला आणि इकडे फोन सुरू. सोमवारचा उपवास सोडायची वेळ, ताटं वाढलेली, लोक चिडणार नाहीत तर काय! एक आजी तर म्हणाल्या, "बाबा, अंधारात भाकरी तोंडात घालू का नाकात?"

फोन कानाला धरूनच दारात आलो तर दक्षिणेकडचे ढग फाटलेले. कालच अमावास्या झालेली, त्यात गाव काळोखात. नऊच्या सुमाराला भुजंगधारी बरोब्बर दक्षिणेला, सगळ्यात उंचावर असतो. न्यू ऑफ्युची ठळक, 3.3 चा, त्याच्या पश्चिमेला म्यू, 4.6. आणि त्या दोघांच्या वर, जिथे नकाशात नुसत्या डोळ्यांना दिसेल असं काही नाही, तिथे एक तारा बसलेला. बायनॉक्युलर लावायचीही गरज नव्हती. (लावली अर्थात.) अंगावर काटा आला, आणि कानात आजी चालूच.

आता अडचण अशी की मला 5 हा आकडा आधीच माहीत. माहीत असलं की डोळा तोच आकडा बघतो, लॉगशीटवर मागच्या तासाचंच रीडिंग पुढे ढकलणाऱ्यांसारखं. तेवढ्यात वायरमनचा फोन, तारेवर बाभळीची फांदी होती, काढली, परमिट परत. क्षणभर, खरं सांगतो, वाटलं पाच मिनिटं थांबावं. पण लगेच ब्रेकर टाकला, फीडर धरला, गाव उजळलं आणि तारा बराच फिका झाला.

वायरमन परतल्यावर त्याला बॅटरी रूमच्या मागे, यार्डच्या दिव्यांच्या आडोशाला नेलं, डोळे अंधाराला सरावू दिले. नवतारा वगैरे काही सांगितलं नाही, फक्त म्यू, डावीकडचा ताऊ हा तारा आणि नवतारा अशी तीन ठिकाणं दाखवली आणि विचारलं, क्रम लाव.

"अण्णा, ह्यो उजवीकडचा एक नंबर, मग त्यो वरचा, मग डावीकडचा. पर फरक लय न्हाई."

म्यू 4.6, ताऊ 4.8. मी आधीच डायरीत लिहिलं होतं 4.7. जमलं की राव! माझाच आकडा पाठवला, वेळ यूटीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत.

आठवड्याभरात तो दोनेक प्रतींनी उतरला, आमच्याकडे तोवर परत ढग. पुढे कळलं की नामिबियातल्या एचईएसएस दुर्बिणींनी त्याचे अतिउच्च ऊर्जेचे गॅमा किरण पकडले, नवताऱ्याकडून असे किरण मिळायची ती पहिलीच वेळ. आणि खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने 2006 सारखाच यावेळीही रेडिओत ऐकला. त्यांचं बरं आहे, रेडिओला ढग आडवे येत नाहीत.

आता वाट टी कोरोनी बोरिअलिसची, त्याच जातीचा, 1946 नंतर गप्प आहे. वायरमनला आता सगळं सांगून झालंय. परवा विचारत होता, "त्यो उडायला लागला की फीडर बंद ठेवू का?"