तुम्ही विचारलेत म्हणून: ती केबल अजून का?

खिशात मोबाईल असताना अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे त्याला संगणकाशी जोडणारी नऊ पिनांची ती सिरियल केबल अजून कशाला, असे घरी येणारे बहुतेक जण विचारतात आणि मी दर वेळी विषय बदलतो. आज नीट सांगतो.

रिमोटने पाठवलेली आज्ञा पोहोचली की नाही, हे रिमोटला कधीच कळत नाही. सिरियल पोर्टवर दोन्ही बाजूंनी बोलणे होते. माझ्या डेनॉन कंपनीच्या अ‍ॅम्प्लिफायरला सेकंदाला ९६०० बिट या वेगाने 'एमव्ही३०' (आवाज ३० वर आण) आणि शेवटी कॅरेज रिटर्न, म्हणजे आज्ञा संपल्याची खूण, पाठवले की आवाज उणे ५० डेसिबलवर, म्हणजे बराच खाली, येतो. 'एमव्ही?' विचारले की चालू आकडा परत येतो, आणि कोणी हाताने नॉब फिरवला तर तो न विचारताही कळवला जातो. साधा मजकूर असल्याने हे सारे डोळ्यांनी वाचून तपासता येते.

हे खरे असले तरी मी विषय बदलत आलो, त्याचे कारण वेगळे आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर बाबा घरी आले तेव्हा त्यांना पहाटे साडेपाचला भक्तिगीते हवी असत आणि रिमोटची बारीक बटणे त्यांच्या थरथरत्या बोटांना साधत नसत. म्हणून मी प्रोग्रॅम लिहिला: 'पीडब्ल्यूऑन' (यंत्र चालू कर), लगेच 'एमव्ही३०', मग गाणे. चार दिवस सुरळीत गेले, कारण रात्री आवाज आधीच तीसवर असे. पाचव्या रात्री मी हेडफोन लावून सामना पाहिला आणि आवाज पासष्टवर ठेवून झोपलो. चालू करण्याच्या आज्ञेनंतर एक सेकंद थांबावे, असे कंपनीच्या आज्ञावलीत लिहिले आहे, आणि ते मी वाचलेही होते. पण मी थांबलो नाही, त्यामुळे दुसरी आज्ञा वाया गेली आणि पस्तीस डेसिबल अधिक आवाजात गाणे सुरू झाले. मी धावत जाऊन भिंतीवरचे बटण बंद केले, तेव्हा बाबा छातीवरची जखम दोन्ही हातांनी दाबून बसले होते. ते एवढेच म्हणाले, "नको रे आता."

केबल निर्दोष होती, हे मी आजही ठासून सांगेन. आकडा विचारण्याची सोय असताना मी तो विचारला नाही. त्या वेळचा मी म्हणेल की चूक एका सेकंदाची होती. पण बाबांच्या उशाशी असलेल्या यंत्राची परीक्षा मी त्यांच्यावरच घेतली, याला त्याच्याकडे उत्तर नाही. "हाताने लावले असतेस तर?" या आईच्या प्रश्नालाही माझ्याकडे उत्तर नाही.

आता प्रोग्रॅम एक सेकंद थांबतो, आवाज तीसवर आणतो, 'एमव्ही?' विचारतो आणि तीसच उत्तर आले तर गाणे लावतो. अन्यथा गप्प राहतो. बाबांनी तीन आठवड्यांनी पुन्हा परवानगी दिली. आई मात्र साडेपाचला अ‍ॅम्प्लिफायरपाशी उभी असते. कधी कधी नोंदीत 'एमव्ही२८' दिसते, तेव्हा तिने नॉब थोडा खाली फिरवलेला असतो.